अमेरिकेत चुकून शिरलेली माशी, आणि करडईची चिंता: नेमकं काय घडलं?

कॅलिफोर्नियात 'यलो स्टारथिसल' नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी तण आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरातून एकोणिसाव्या शतकात आलेलं हे तण लाखो एकर कुरणांत माजलं आहे. फुलाभोवती दोन-दोन सेंटिमीटरचे काटे. घोड्याने ते बरेच दिवस खाल्लं तर मेंदूला इजा होते आणि त्यावर इलाज नाही.

बीच खाणारा शत्रू

हे तण फक्त बियांनी पसरतं. म्हणून ग्रीसमधून 'पीकॉक फ्लाय' ही फळमाशी आणायचं ठरलं. नाव फळमाशी असलं, तरी हिला फळांशी देणंघेणं नाही. मादी न उमललेल्या कळीत अंडी घालते आणि अळी आतल्या आत कोवळं बी फस्त करते. असा परदेशी कीटक सोडण्याआधी तो पिकांवर जात नाही ना, हे तपासावं लागतं. या माशीच्या चाचण्या झाल्या होत्या.

१९९१ मध्ये ऑरेगॉन राज्यात माशा सोडल्या. पण त्यांत दिसायला जवळपास तशीच दुसरी जात मिसळलेली होती: कीटोरेलिया सक्सिनिया. तिची ना चाचणी झाली होती, ना तिला परवानगी होती. घोळ लक्षात आला तेव्हा काही वर्षं उलटली होती आणि माशी परत बोलावता येत नाही!

करडई कुठून आली?

करडई या तणाची जवळची नातेवाईक आहे आणि कॅलिफोर्नियात तिची शेती होते. महाराष्ट्रातल्या करडईच्या बोंडांतही याच कुळातल्या एका वेगळ्या माशीची अळी सापडते, त्यामुळे ही भीती हवेतली नव्हती. शास्त्रज्ञांनी मग शेतांत जाऊन फुलं तपासली. माशी स्टारथिसल आणि त्याच्या एक-दोन तणभावंडांवरच टिकून होती. करडईची कीड झालेली नव्हती. चाचणीआधीच निकाल लागला, तोही सुदैवाने चांगला.

गंमत म्हणजे, रीतसर आणलेल्या माशीचा जम फारसा बसलाच नाही. ती तणाला कळ्या धरण्याआधीच बाहेर पडते. तोवर तग धरायला तिला लवकर फुलणारं दुसरं झाड लागतं. चुकून आलेली मात्र सर्वत्र पसरली. तिच्यामुळे बी कमी धरतं, पण मातीत पडलेलं जुनं बी काही वर्षं उगवतच राहतं. त्यामुळे कापणी आणि तणनाशकांचा खर्च अजून सुटलेला नाही.