धुराच्या जोरावर

एक लिटर पेट्रोल नीट जळायचं तर त्याला सुमारे अकरा किलो हवा लागते. हवा किलोत मोजायची आपल्याला सवय नाही, म्हणून लिटरमध्ये सांगतो. मे महिन्यातल्या वर्ध्याच्या तापलेल्या, विरळ हवेत हे माप दहा हजार लिटरच्या आसपास जातं. उन्हाळ्यात पाणी घेऊन गावात येणारा मोठा टँकर काठोकाठ भरेल एवढी हवा, आणि तीही बाटलीभर पेट्रोलसाठी!

गाडी ट्रॅकवर न्यायची, इंजिनाची ताकद वाढवायची, असं ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा येतं त्याचं लक्ष आधी इंधनाकडे जातं. पण इंधन वाढवणं सोपं आहे. इंजेक्टर क्षणभर जास्त उघडा ठेवला की झालं. सगळं अडतं ते हवेपाशी. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असताना हवा आत घेणारा व्हॉल्व्ह सेकंदाच्या जेमतेम दीडशेव्या हिश्शापुरता उघडतो. तेवढ्यात जी काय हवा आत शिरेल ती शिरेल. तिच्या हिशेबापेक्षा जास्त टाकलेलं पेट्रोल अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं.

त्या धुराकडे विंटरथूर या स्विस गावातल्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने वेगळ्या नजरेने पाहिलं. इंधनातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग सायलेन्सरवाटे निघून जातो. हा गरम, जोरात धावणारा वायू फुकट का घालवायचा? त्याच्या वाटेत एक चाक बसवावं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक बसवावं, आणि त्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी. याच जोडणीला आज टर्बो म्हणतात. १९०५ साली त्याने या कल्पनेचं पेटंट घेतलं. इतकी उष्णता आणि इतका वेग सोसणारे धातू मात्र तेव्हा नव्हते. जहाजांच्या प्रचंड डिझेल इंजिनांवर ही कल्पना खऱ्या अर्थाने चालू लागायला वीसेक वर्षं जावी लागली.

नागपूर-वर्धा पट्ट्यातल्या डिझेल गॅरेजमध्ये उतरवून ठेवलेला टर्बो बघायला मिळाला तर जरूर हातात घ्यावा. एका बाजूला ओतीव लोखंडाचं जड घर, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचं हलकं घर, आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना वळणदार पात्यांची दोन चाकं. पेट्रोल गाडीत लोखंडी बाजूला नऊशे-हजार अंश सेल्सिअसचा वायू आदळतो. टेस्ट बेंचवर अंधार केला तर ते घर लालभडक दिसतं. चार बोटं पलीकडे बाहेरची साधी हवा आत येत असते. छोट्या गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. चाक चाळीस मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर त्याच्या पात्यांची टोकं सेकंदाला चारशे मीटरहून जास्त अंतर कापतात. म्हणजे ती आवाजापेक्षा वेगाने पळतात, आणि तेसुद्धा बॉनेटखाली, आपण निवांत गाणी ऐकत गाडी चालवत असताना!

या वेगाला बॉल बेअरिंगही चालतं, पण बहुतेक टर्बोंमध्ये दांडा नुसत्या तेलाच्या थरावर तरंगतो. म्हणूनच मेकॅनिक दांडा बोटाने हलवून बघतो, तेव्हा तो आडवा किंचित हलतो. नवशिक्याला वाटतं, बेअरिंग गेलं. तसं नसतं. ती जागा तेलासाठी मुद्दाम सोडलेली असते. दांडा पुढे-मागे हलायला लागला तर मात्र टर्बो गेला समजावं. समृद्धी महामार्गावरून तासभर गाडी दामटत आणली की इंजिन लगेच बंद करू नका असं जुने ड्रायव्हर सांगतात, त्याचंही कारण हेच तेल आहे. इंजिन थांबलं की पंप थांबतो, तापलेल्या दांड्याभोवतीचं तेल तिथल्या तिथे करपतं आणि त्याची काळी खपली धरते.

आता वर्ध्याच्या उन्हाळ्याचा हिशेब करू, कारण तो मला फार मोलाचा वाटतो. बाहेर ४५ अंश तापमान आहे. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला. मग सिलिंडरमध्ये हवा दुप्पट गेली का? नाही. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, ते यामुळेच. टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर ४५ अंशांची हवा १४५ अंशांच्या आसपास जाऊन बाहेर पडते. तापलेली हवा पसरते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही प्रत्यक्षात दीडपटच हवा आत जाते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर बसवतात. त्याने ही हवा ६५ अंशांपर्यंत खाली आणली तर तोच दाब १.८ पटीच्या पुढे हवा देतो. टर्बो मोठा करायला निघालेल्या माणसाने आधी इंटरकूलरकडे बघावं, असं मी आग्रहाने म्हणेन. युरोपातल्या थंड सकाळी मोजलेले आकडे आपल्याकडच्या मे महिन्यात तसेच्या तसे मिळत नाहीत.

शर्यतीच्या ट्रॅकवर टर्बोने काय करून दाखवलं, याची माझी सगळ्यात आवडती कथा १९५२ची आहे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्स कंपनीने एक डिझेल गाडी उतरवली. ट्रकांची इंजिनं करणारी ही कंपनी. ६.६ लिटरचं सहा सिलिंडरचं अवजड इंजिन त्यांनी जवळजवळ आडवं झोपवून बसवलं, म्हणजे गाडी बुटकी राहील, आणि त्याला टर्बो जोडला. या शर्यतीत टर्बो येण्याची ही पहिलीच वेळ. फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत ताशी २२२ किलोमीटरची सरासरी काढली आणि पहिली जागा पटकावली. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र दोनशेपैकी सत्तरेक लॅप झाल्यावर गाडी थांबली. इंजिन फुटलं नव्हतं. हवा ओढून घेण्याचं तोंड जमिनीलगत होतं, आणि टायर झिजून उडालेल्या रबराच्या कणांनी ते बुजून गेलं होतं. इंजिन गुदमरलं.

ही कंपनी मराठी माणसाला परकी नाही. १९६२ साली पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, आणि आज कमिन्सची इंजिनं आपल्याकडे जनरेटरपासून डंपरपर्यंत सगळीकडे धडधडतात. रबराच्या जागी कापसाचे तंतू धरले तर अगाबाशियनच्या गाडीचं दुखणं हिंगणघाटच्या माणसालाही चटकन कळेल. हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या ट्रकचा एअर फिल्टर काढून बघावा.

फॉर्म्युला वनमध्ये रेनोने १९७७ला सिल्व्हरस्टोनला टर्बो आणला, तेव्हा तो शर्यत संपायच्या आतच बंद पडला. दोनच वर्षांनी, १९७९ला, फ्रान्समधल्या दिजाँला ज्याँ-पिएर जाबुईने टर्बोच्या गाडीने शर्यत जिंकली. त्या गाडीला एका मोठ्या टर्बोऐवजी दोन छोटे होते. मोठं चाक जड असतं, पॅडल दाबल्यावर धुराच्या जोराने गरगरायला वेळ घेतं, आणि वळणातून बाहेर पडताना चालक नुसता वाट बघत राहतो. मग ताकद एकदम अंगावर येते. छोटी चाकं लवकर जागी होतात.

पेट्रोल इंजिनाची खरी मर्यादा नॉकिंग ही आहे. दाबलेलं गरम मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच स्वतःहून भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. हे चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हे भडकणं लांबवतं. इंडियन ऑइलने २०२० साली आणलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल अशाच इंजिनांच्या कामाचं. डिझेलमध्ये मुळात हवाच दाबली जाते आणि इंधन शेवटच्या क्षणी येतं, त्यामुळे तिथे टर्बो इतका सुखाने नांदतो.

टर्बो लावून ताकद वाढवण्याचं काम कारखान्यातले लोक कसं करतात ते फोक्सवॅगनच्या अमियोत दिसतं. चाकणला बनलेल्या रस्त्यावरच्या अमियोत १.२ लिटरचं, ७५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन होतं. २०१७पासून शर्यतीसाठी जी अमियो कप गाडी उतरवली तिच्यात १.८ लिटरचं टर्बो इंजिन घालून २०५ हॉर्सपॉवर काढले. पण सोबत ब्रेक, सस्पेन्शन, टायर, गिअरबॉक्सही बदलले आणि आत लोखंडी पिंजरा घातला. वेग वीस टक्क्यांनी वाढला की ब्रेकला चव्वेचाळीस टक्के जास्त उष्णता पचवावी लागते, हे गणित कोणालाही चुकत नाही. नवशिक्याने म्हणूनच पहिला खर्च ब्रेक, टायर आणि इंजिन ऑइलवर करावा, आणि शिकायला कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीसारख्या कार्टिंग ट्रॅकवर जावं. नोंदणी झालेल्या गाडीत असे फेरफार करून ती समृद्धीवर पळवणं कायद्याने चुकीचं आहेच, शिवाय तिथे समोर कोणाचं तरी कुटुंब असतं.

वर्ध्याच्या किंवा सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींना आणखी एक वाट आहे: विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून ट्रॅकवर उतरवायची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा. तिथे पुष्कळ संघ केटीएम ३९० मोटरसायकलचं ३७३ सीसी, एका सिलिंडरचं इंजिन वापरतात. ते चाकणला बजाज ऑटोत बनलेलं असतं. ज्या बजाज घराण्याची पेढी वर्ध्याची, त्यांची ही कंपनी १९४५ला बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने निघाली. बच्छराज म्हणजे जमनालाल बजाज यांना दत्तक घेणारे वर्ध्याचे शेठ.

या स्पर्धेचा एक नियम मला विलक्षण वाटतो. पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे, टर्बो असला तरी ते भोक टर्बोच्या आधी. इंजिन जोराने ओढू लागलं की भोकातल्या हवेचा वेग वाढत वाढत आवाजाच्या वेगाला पोचतो, आणि तिथे थांबतो. पुढे कितीही ओढा, सेकंदाला ७० ग्रॅमच्या आसपास हवा मिळते, त्याहून कणभर जास्त नाही.

मग टर्बो लावून काय फायदा? ३७३ सीसीच्या इंजिनाला नऊ हजार आरपीएमला सेकंदाला सरासरी ३० ग्रॅमच हवा लागते. पण एकच सिलिंडर चार स्ट्रोकपैकी एकातच हवा ओढतो. त्या एका स्ट्रोकमध्ये त्याला चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला १२० ग्रॅमच्या हिशेबाने हवा हवी असते. तेव्हा भोक अपुरं पडतं, आणि उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये ते जवळपास रिकामं बसतं. टर्बोचं चाक थांबत नाही. ते चारही स्ट्रोकभर हवा ओढून टर्बो आणि इंजिन यांच्या मधल्या डब्यात साठवत राहतं, आणि व्हॉल्व्ह उघडेल तेव्हा सिलिंडरला दाबाखालची हवा तयार मिळते. नियमातलं भोक तेवढंच राहतं, आणि त्याच इंजिनाच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट हवा येऊ शकते.