गीताचा धनी

गाणे गाजते, गायकाचे नाव सर्वतोमुखी होते; परंतु त्या गाण्याचे उत्पन्न मात्र पुष्कळदा तिसऱ्याच्याच खात्यावर जमा होते. विसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय कलावंतांच्या वाट्याला हाच अनुभव आला. कर्टिस मेफील्ड यांनी हा हिशेब तरुणपणीच ओळखला.

३ जून १९४२ रोजी शिकागो येथे जन्मलेले मेफील्ड गरिबीत वाढले. आजीच्या चर्चमध्ये ते गाऊ लागले. गिटार स्वतःच शिकले. विशीच्या सुमारासच त्यांनी आपल्या गीतांचे हक्क सांभाळणारी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. ‘दि इम्प्रेशन्स’ या गायकवृंदासाठी त्यांनी रचलेले ‘पीपल गेट रेडी’ (१९६५) नागरी हक्कांच्या चळवळीला प्रिय झाले. १९६८ मध्ये एडी थॉमस यांच्यासह त्यांनी ‘कर्टम’ ही रेकॉर्ड कंपनी स्थापन केली. तिच्याच नावाने निघालेली ‘सुपर फ्लाय’ (१९७२) ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या विक्रीयादीत अग्रस्थानी पोहोचली. गीतकार, गायक आणि निर्माता, तिन्ही तेच होते.

ध्वनिमुद्रिकेचा निर्माता म्हणजे केवळ भांडवल घालणारा नव्हे. कोणत्या कंठाला कोणते गीत शोभेल, वाद्यमेळ कोठे थांबवावा, हे त्यालाच ठरवावे लागते. मेफील्ड यांनी ग्लॅडिस नाइट आणि त्यांच्या सहगायकांसाठी ‘क्लॉडीन’ (१९७४), स्टेपल सिंगर्ससाठी ‘लेट्स डू इट अगेन’ (१९७५) व अरेथा फ्रँकलिन यांच्यासाठी ‘स्पार्कल’ (१९७६) या ध्वनिमुद्रिका घडविल्या. त्यांचा स्वतःचा आवाज उंच आणि मृदू; तरीही आपली गीते त्यांनी अधिक भरदार कंठांच्या स्वाधीन केली. आपल्यापेक्षा समर्थ आवाजासाठी बाजूला सरणे हेही या व्यवसायातील कौशल्यच होय.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिन येथील खुल्या कार्यक्रमात प्रकाशयोजनेचा सांगाडा अंगावर कोसळून त्यांचे शरीर मानेखाली लुळे पडले. गिटार कायमची सुटली. तरीही १९९६ मध्ये ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. छातीत पुरेसा श्वास भरावा म्हणून त्यांनी ती उताणे निजून, एकेक ओळ म्हणत पूर्ण केली. इतरांच्या गाण्यांत श्वासाची जागा नेमकी हेरणाऱ्या या कलावंताला आता स्वतःचा श्वासही मोजून वापरावा लागत होता. २६ डिसेंबर १९९९ रोजी ते निवर्तले.

मालकी हे त्यांच्यासाठी धनसंचयाचे साधन होतेच. पण त्याहून अधिक, आपल्या शब्दाचे काय व्हावे हे आपणच ठरविण्याचा तो अधिकार होता.