घरगुती कूलरमधील विद्युत गळती व अर्थिंग : लोहारा (जि. यवतमाळ) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
यवतमाळ शहरालगतच्या लोहारा परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४२ अंशांच्या वर जाते. त्यामुळे पत्र्याचा कूलर ही येथे चैन नसून गरज आहे. मात्र पाणी, पत्रा आणि वीज यांना एकत्र आणणारे हे उपकरण जीवघेणेही ठरते. कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येत असतात. या अपघातांमागील कारणे व उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोषाचे स्वरूप :
पावसाळा व हिवाळा कूलर अडगळीत पडून असतो. या काळात उंदीर वायर कुरतडतात, तर मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरते. इन्सुलेशन निकामी होऊन फेज तार पत्र्याला लागली तरी कूलर चालूच राहतो. त्यामुळे दोष लक्षात येत नाही. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरल्यास २३० व्होल्ट दाबाने २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

अर्थिंगची मर्यादा :
अर्थिंगमुळे गळतीच्या प्रवाहाला जमिनीत जाण्याचा सोपा मार्ग मिळतो. दोन पिनांच्या प्लगमध्ये हा मार्गच नसतो. शिवाय काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते व अर्थिंगचा रोध वाढतो. हा रोध २० ओहम झाल्यास केवळ ११.५ अँपिअर प्रवाह वाहतो. त्यामुळे १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही व पत्रा विद्युतभारित राहतो. अर्थिंगऐवजी पत्र्याला न्यूट्रल जोडणे तर अधिकच घातक होय; न्यूट्रल तुटताच निर्दोष कूलरच्या पत्र्यातही वीज उतरते.

उपाय :
आरसीसीबी हे साधन फेज व न्यूट्रलमधील प्रवाहांची तुलना करते. ३० मिलिअँपिअर क्षमतेचे आरसीसीबी तेवढी तफावत होताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. त्याचे टेस्ट बटण नियमित दाबून पाहावे. तीन पिनांचा प्लग वापरावा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा. कोणी कूलरला चिकटल्यास त्यास हात न लावता प्रथम मेन स्विच बंद करावा.

निष्कर्ष :
अर्थिंग व आरसीसीबी ही परस्परपूरक साधने असून एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. कूलर सुरू करण्यापूर्वी दोन्हींची तपासणी करून घेतल्यास असे बहुतांश अपघात टाळता येतील.