संमिश्र बास-विवर्धकाची निवड : खरखरीत रॉक-नादाच्या दृष्टीने

रॉक संगीतात बास गिटारच्या ज्या नादाला खरखरीत असे म्हटले जाते, तो मुळात विवर्धकाच्या एका दोषातून जन्माला आला आहे. प्रवेशी संकेताचा आकार वाढवावा, परंतु त्याचे रूप पालटू नये, हे विवर्धकाचे कर्तव्य होय. क्षमतेबाहेरचा संकेत मिळाला असता हे कर्तव्य त्याच्याकडून पार पडत नाही; तरंगांची शिखरे दबतात आणि मूळ संकेतात नसलेल्या कंप्रता निर्गमात प्रकट होतात. अभियंता ह्यास विकृती म्हणतो, रॉक-वादक ह्यासच रंग म्हणतो. निर्वात नलिका आणि ट्रॅंझिस्टर ह्या दोहोंचा उपयोग करणारे हायब्रिड, म्हणजेच संमिश्र, विवर्धक हा रंग अल्प वजनात देतात अशी त्यांची ख्याती आहे; आणि विवर्धकात नलिका आहे एवढ्यावरच पुष्कळदा त्याची निवड केली जाते. वस्तुतः नलिकेचे केवळ अस्तित्व हा गौण प्रश्न आहे. ती संकेतमार्गात कोठे आहे, किती विद्युत् दाबावर चालते आणि तिच्या विकृतीपासून खर्जाचे रक्षण कसे होते, हे तीन प्रश्न मुख्य होत.

खर्ज आणि विकृती

चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची खुली तार सुमारे ४१.२ हर्ट्झ कंप्रतेची असते. तिच्या वरच्या तारा अनुक्रमे ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झच्या असतात. इतक्या खालच्या कंप्रता ऐकू येण्यासाठी पुष्कळ शक्ती लागते, कारण मानवी कानाची संवेदनक्षमता त्या पट्ट्यात फार कमी असते. अनेक ध्वनिक्षेपकही त्या पुरेशा तीव्रतेने उत्पन्न करू शकत नाहीत. तथापि ८२.४, १२३.६, १६४.८ हर्ट्झ अशी मूळ कंप्रतेच्या पटींतील अधिस्वरांची मालिका कानी पडली, तर मूळ स्वर क्षीण किंवा अनुपस्थित असूनही श्रोत्याला तोच स्वर जाणवतो. विकृती हे अधिस्वर बळकट करते. म्हणून ढोल व गिटार ह्यांच्या गर्दीत स्वच्छ बास जेथे हरवतो, तेथे किंचित विकृत बास स्पष्ट ऐकू येतो. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी व सूत ह्यांच्या साहाय्याने खर्जाच्या तारेतून अधिस्वर उमलविले जातात. तेथे साधन यांत्रिक आहे, येथे विद्युतीय आहे, परंतु कानावरील परिणामाचे तत्त्व एकाच जातीचे आहे.

पूर्ण नलिका-विवर्धकाचा आदर्श

खरखरीत बास-नादाची कानाला जी सवय लागली आहे, ती पूर्णपणे नलिकांवर चालणाऱ्या विवर्धकांनी लावलेली आहे. फेंडर कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बास व १९५२ साली बासमन विवर्धक बाजारात आणला. १९६९ साली अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा ३०० वॅटचा विवर्धक आला आणि रोलिंग स्टोन्स ह्या वाद्यवृंदाने त्याच वर्षीच्या अमेरिकन दौऱ्यात त्याचा उपयोग केला. मोटरहेडचे लेमी किलमिस्टर ह्यांनी मार्शल कंपनीच्या नलिका-विवर्धकांतून बास वाजवून विकृत खर्जालाच वृंदाचा कणा बनविले. ह्या विवर्धकांत पूर्वविवर्धकाच्या लहान नलिका, शक्तिविभागातील मोठ्या नलिका, निर्गम रोहित्र आणि ध्वनिक्षेपक असे चारही घटक एकाच वेळी थोडेथोडे विकृत होतात, व त्यांच्या बेरजेतून तो भरीव नाद घडतो. ह्याचे मोल वजनाच्या रूपाने द्यावे लागते : एसव्हीटीचा केवळ विवर्धक-भाग सुमारे ४० किलोग्रॅमचा होता. त्यातील नलिका झिजतात, बदलाव्या लागतात आणि शक्तिविभागाचा रंग मिळविण्यासाठी आवाज असह्य पातळीपर्यंत वाढवावा लागतो.

संमिश्रतेचे दोन प्रकार

संमिश्र विवर्धकाचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात पूर्वविवर्धक ट्रॅंझिस्टरांचा व शक्तिविभाग नलिकांचा असतो. म्यूझिक मॅन कंपनीने १९७० च्या दशकात अशी रचना केली होती. दुसऱ्यात पूर्वविवर्धक नलिकांचा व शक्तिविभाग ट्रॅंझिस्टरांचा असतो. आज बास-वादनाच्या क्षेत्रात संमिश्र हा शब्द जवळजवळ सर्वत्र ह्या दुसऱ्या प्रकाराला उद्देशून वापरला जातो. त्याचा शक्तिविभाग क्लास डी पद्धतीचा असेल, म्हणजे त्यातील ट्रॅंझिस्टर सेकंदाला लक्षावधी वेळा केवळ चालू व बंद होत असतील, तर ऊर्जेचा अपव्यय फार थोडा होतो आणि काहीशे वॅटचा विवर्धक तीन-चार किलोग्रॅमांत बसतो.

ह्या रचनेचा परिणाम नीट ध्यानात घेतला पाहिजे. ट्रॅंझिस्टरांचा शक्तिविभाग मर्यादेपर्यंत जवळजवळ निर्दोष चालतो आणि मर्यादा ओलांडताच तरंगाचे शिखर कापून सपाट करतो. अशा तीव्र छेदातून फार वरच्या क्रमाचे अधिस्वर निर्माण होतात व ते कानाला टोचतात. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या संमिश्र विवर्धकात शक्तिविभागाने विकृत होऊच नये, अशी अपेक्षा असते. पूर्ण नलिका-विवर्धकात जे काम चार घटक वाटून घेतात, ते येथे एकट्या पूर्वविवर्धकावर आणि ध्वनिक्षेपकावर येऊन पडते. निवडीचा सारा भर पूर्वविवर्धकावर का असावा, हे ह्यावरून स्पष्ट होईल.

नलिकेचे स्थान आणि तिच्यावरील दाब

पूर्वविवर्धकांत सामान्यतः १२एएक्स७ ही नलिका असते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. एकाच काचेच्या आवरणात तिच्यात दोन ट्रायोड असतात व प्रत्येकाचा वर्धनांक सुमारे १०० असतो. संकेत मोठा झाला की तरंगाच्या एका बाजूस जालकात विद्युत् प्रवाह वाहू लागतो व ती बाजू दबते. दुसऱ्या बाजूस नलिकेतील प्रवाह थांबण्याच्या बेतास येतो व ती बाजू वेगळ्या रीतीने दबते. ही दोन्ही दडपणे सारखी नसल्यामुळे निर्गमात दुसऱ्या क्रमाचा अधिस्वर, म्हणजे मूळ स्वराचे वरचे सप्तक, विशेषत्वाने मिसळतो. दडपणाची सुरुवात हळूहळू होत असल्यामुळे हलक्या आघाताला स्वच्छ आणि जोरकस आघाताला खरखरीत असे उत्तर मिळते. वादकाच्या बोटांना प्रतिसाद देणारा हा क्रम हेच नलिकेचे खरे वैशिष्ट्य होय. नलिका केवळ सम क्रमाचे अधिस्वर देते ही समजूत मात्र अपुरी आहे. एकापुढे एक जोडलेल्या ट्रायोडांवर पुरेसा ताण आला की विषम क्रमाचे अधिस्वरही भरपूर निर्माण होतात.

हे सर्व घडण्यासाठी धनाग्राला पुरेसा दाब हवा. ह्या नलिकेचे नेहमीचे कार्य दोनशे-अडीचशे व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यावर चालते. काही स्वस्त यंत्रांत खर्च वाचविण्यासाठी ती काही दहा व्होल्टांवरच चालविली जाते. अशा उपाशी नलिकेचे वर्धन घटते, ती लवकर विकृत होते आणि स्वच्छ ते खरखरीत ह्या प्रवासातील मधल्या छटा आकसतात. ह्यातूनही उपयुक्त रंग मिळणे अशक्य नाही. परंतु तो उच्च दाबाच्या नलिकेचा रंग नव्हे. जाळीआडून दिसणारा तांबूस प्रकाश तापणाऱ्या तंतूचा असतो; धनाग्रावरील दाबाविषयी तो काहीच सांगत नाही.

दोन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होईल. एसडब्ल्यूआर ह्या अमेरिकन कंपनीने १९८० च्या दशकात नलिकेचा पूर्वविवर्धक व ट्रॅंझिस्टरांचा शक्तिविभाग असलेला एसएम-४०० हा विवर्धक काढला. तो संमिश्रच होता. पण त्याची ख्याती होती ती स्वच्छ व तेजस्वी नादासाठी. उलट, फिनलंडमधील डार्कग्लास कंपनीच्या मायक्रोट्यूब्ज ९०० ह्या विवर्धकाच्या नावात नलिकेचा निर्देश असला, तरी त्यात निर्वात नलिका नाही. त्याची उग्र विकृती अर्धसंवाहक मंडलांतून येते. नलिका असून खरखर नाही आणि खरखर असून नलिका नाही, असे दोन्ही प्रकार संभवतात. ऑरेंज कंपनीचा टेरर बास ५०० हा मात्र नलिकांच्या पूर्वविवर्धकाला ताण देऊन खरखर मिळवावी ह्याच हेतूने रचलेला संमिश्र विवर्धक आहे.

खर्जाचे रक्षण

विकृतीमुळे अधिस्वर मिळतात, त्याबरोबरच नको असलेल्या कंप्रताही मिळतात. ४१.२ हर्ट्झचा स्वर आणि त्याचा पंचम, म्हणजे सुमारे ६१.७ हर्ट्झ, हे एकत्र वाजविले असता विकृत मंडलातून त्यांच्या बेरजेची १०२.९ व वजाबाकीची २०.५ हर्ट्झ कंप्रता बाहेर येते. ह्या मिश्रणाने नाद गढूळ होतो. शिवाय खालच्या स्वराचा आकार मोठा असल्यामुळे ताणलेल्या नलिकेत त्याचे वर्चस्व होते, आणि दोन टप्प्यांमधील संधारित्रावर भार साचून नाद क्षणभर गुदमरल्यासारखा होतो.

ह्यावर जुना व उत्तम उपाय म्हणजे मार्ग दोन करणे. द हू ह्या ब्रिटिश वृंदाचे जॉन एंटविसल हे खालच्या आणि वरच्या कंप्रता वेगवेगळ्या विवर्धकांकडे पाठवीत असत. हेच तत्त्व पुढे लहान यंत्रांत आले. टेक २१ कंपनीच्या सॅन्सअँप बास ड्रायव्हर ह्या १९९२ सालच्या साधनात मूळ संकेत व संस्कारित संकेत ह्यांचे प्रमाण ठरविणारी ब्लेंड नावाची कळ होती. संमिश्र विवर्धकात अशी कळ असेल, किंवा नलिकेला ताण देण्यापूर्वी खर्ज कमी करून नंतर तो भरून काढण्याची सोय असेल, तर खालचा स्वर अविकृत राहतो आणि खरखर त्याच्या वर बसते. ही सोय नसलेल्या विवर्धकात गेन वाढवीत गेल्यास नाद उग्र होतो, परंतु त्याचे वजन नाहीसे होते.

शक्ती आणि ध्वनिक्षेपक

शक्तिविभाग स्वच्छ राहावयाचा असेल तर त्याच्याजवळ साठा हवा. शक्ती दुप्पट केल्याने तीव्रता केवळ ३ डेसिबेलने वाढते; म्हणून ३०० व ६०० वॅट ह्यांतील अंतर आकड्यांत दिसते तेवढे कानाला जाणवत नाही. परंतु नलिकांचा शक्तिविभाग मर्यादा ओलांडूनही सुसह्य राहतो आणि ट्रॅंझिस्टरांचा राहत नाही, हे लक्षात घेता संमिश्र विवर्धकाची शक्ती गरजेपेक्षा अधिक असणे हितावह ठरते. जाहिरातीतील आकडा बहुधा ४ ओहमचा असतो. त्याच विवर्धकाला ८ ओहमचा ध्वनिक्षेपक जोडल्यास शक्ती सुमारे निम्म्यावर येते. रोहित्र असलेल्या नलिका-विवर्धकात योग्य जोडणी निवडून ही हानी टाळता येते, संमिश्र विवर्धकात सामान्यतः टाळता येत नाही.

ध्वनिक्षेपकाचे महत्त्वही तितकेच आहे. एसव्हीटीबरोबर दहा इंची आठ ध्वनिक्षेपकांची बंद पेटी असे व तीत उच्च कंप्रतांसाठी स्वतंत्र कर्णा नव्हता. त्यामुळे विकृतीतील टोचणारा वरचा भाग आपोआप गाळला जाई. आधुनिक पेटीतील कर्णा तोच भाग निष्ठेने ऐकवितो. तेव्हा खरखरीत नादासाठी कर्णा बंद करण्याची किंवा मंद करण्याची सोय असलेली पेटी घ्यावी.

परीक्षेचा क्रम

वरील विवेचनावरून परीक्षेचा क्रम पुढीलप्रमाणे निश्चित करता येतो. प्रथम मास्टर कमी ठेवून गेन वाढवावा. खरखर ह्याच अवस्थेत आली तर ती पूर्वविवर्धकाची आहे, आणि ती केवळ मास्टर वाढविल्यावरच आली तर ती शक्तिविभागाची किंवा ध्वनिक्षेपकाची आहे. नंतर गेन न बदलता आघात हलका करावा. नाद क्रमाने स्वच्छ होत गेला पाहिजे. त्यानंतर सर्वांत खालची तार व तिचा पंचम एकत्र वाजवावेत आणि खालचा स्वर ओळखू येतो का ते पाहावे. दोन विवर्धकांची तुलना करताना दोहोंची तीव्रता सारखी ठेवावी, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. शेवटी ही सर्व परीक्षा प्रत्यक्षात वापरावयाच्या पेटीवर आणि ढोलाच्या साथीने करावी. एकट्याने ऐकताना जी खरखर अधिक वाटते, तीच वृंदात बेताची ठरते. परदेशातून यंत्र मागविताना ते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालते की नाही हेही पाहिले पाहिजे.

सारांश, संमिश्र विवर्धक ही नलिका-विवर्धकाची हलकी प्रतिकृती नव्हे. त्यात रंग देण्याचे काम एका विभागाकडे व बळ देण्याचे काम दुसऱ्याकडे असते. रंग देणाऱ्या विभागात पुरेशा दाबावर चालणारी व ताण घेणारी नलिका असावी, बळ देणाऱ्या विभागात साठा असावा आणि दोहोंच्या मध्ये खर्ज अबाधित राहावा. ह्या तीन अटींची पूर्तता करणारा साधा विवर्धक हा त्या न पाळणाऱ्या महागड्या विवर्धकापेक्षा श्रेयस्कर होय.