लष्करातून लष्कर उठले तेव्हा

गेल्या आठवड्यात शिकवणी आटोपून जिन्सी नाल्यावरून घरी परतत होतो. बरोबर एक विद्यार्थी होता. त्याने सहज विचारले, “गुरुजी, जिन्सी म्हणजे काय हो?” मी म्हटले, “तोफखाना.” “मग तोफा कुठे गेल्या?” प्रश्न पोरसवदा खरा, पण घरी पोहोचेपर्यंत मी त्याचेच उत्तर जुळवीत होतो.

जिन्सी, कंपू, शिंदे की छावनी, आणि या सर्वांना पोटात घेणारे लष्कर. आपल्या मोहल्ल्यांची नावे म्हणजे फौजेची हजेरीच होय. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ उठला नाही. त्याचेच शहर झाले. एका स्वारामागे घोडा, घोड्यामागे गवतवाला, नालबंद, खोगीर शिवणारा. शिपायामागे शिकलगार, मोची, वाणी आणि सावकार. नौबत व शिंग वाजविणारेही याच अन्नावर जगत. पगार पुष्कळदा थकत असे, परंतु शिपायाची चाकरी पक्की आहे एवढ्या भरवशावर वाणी उधार देई. बाजार चाले तो त्या भरवशावर.

तो भरवसा १८४४ मध्ये तुटला. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. पुढच्याच महिन्यात झालेल्या तहाने सुमारे ३०,००० ची फौज ९,००० वर आणली गेली. कमी झालेल्या प्रत्येक शिपायाबरोबर कुणाचे तरी गिऱ्हाईक गेले, आणि कुणाची तरी उधारी बुडण्याच्या पंथाला लागली.

बरे, त्यामुळे दौलतीचा खर्च तरी वाचला काय? तसेही नाही. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या कंटिंजंट फौजेसाठी वार्षिक १८ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. त्या फौजेचे ठाणे मुरारला पडले. म्हणजे रुपया ग्वाल्हेरच्या रयतेचाच. पण तो आता बाड्याभोवती न फिरता मुरारच्या बाजारात फिरू लागला.

मुरारलाही हा दिवस पाहावा लागला. १८५७ मध्ये कंटिंजंट उठली आणि मोडली. तिच्या जागी गोरी पलटण आली. १८८६ मध्ये झाशी शहराच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले व इंग्रज फौज निघून गेली. किल्ला परत आला याचा आनंद मोठाच होता. परंतु छावणीला पाव, दूध आणि दाणा पुरविणाऱ्याने त्या दिवशी काय खाल्ले असेल, हे कोणत्याही दरबारी तवारिखेत सापडावयाचे नाही.

तिसरी पाळी स्वराज्यात आली. १९५०-५१ च्या सुमारास संस्थानी फौजा भारतीय सेनेत मिळाल्या. ग्वाल्हेरची चौथी पलटण कुमाऊँ रेजिमेंटची १४ वी झाली, इंदूरची १५ वी. हे व्हावयासच हवे होते. एका देशाला अनेक फौजा कशाला? तरी निवडीत न बसलेल्यांना घरचा रस्ता धरावा लागला. संस्थानोसंस्थानीचे बँडवाले लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवू लागले. त्यांना आपण हसतो, पण त्यांनी कवायतीत शिकलेली फुंक अजून ऐकू येते.

आम्हा गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनी तर हसूच नये. सरोदाचे मूळ रबाब; आणि तो अफगाण घोडेव्यापाऱ्यांनी व शिपाईपेशाच्या लोकांनी या देशात आणला, असे परंपरा सांगते. बंगश घराण्याने ग्वाल्हेर दरबारात तो रुजविला; जिवाजीगंजातील सरोद घर ही त्याचीच खूण. शिपायाच्या खांद्यावरचे वाद्य येथे टिकले, कारण त्याला अन्न घालणारा दुसरा कोणी निघाला. नालबंदाला आणि शिकलगाराला तसा कोणी निघाला नाही.

फौजेवरचा खर्च कमी व्हावा, असे मलाही वाटते. तोफेपेक्षा तंबोरा बरा, हे मी नाही म्हणणार तर कोण? परंतु कपातीच्या कागदावर सही करणाऱ्याने तो रुपया काल कुणाच्या चुलीपर्यंत जात होता, हेही पाहिले पाहिजे. १८४४ मध्ये ते कुणी पाहिले नाही.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की तोफा गेल्या, नाला राहिला. वाचकांना मात्र एक विनंती आहे. आपल्या माळ्यावर पणजोबांची उधारीची चोपडी असेल किंवा बँडवाल्या आजोबांची सुरावटीची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. त्या तहाची दुसरी बाजू तेवढ्याच कागदांत शिल्लक आहे.