ग्वाल्हेरवर लिहिताय? आधी वाचक ठरवा

थंडी पडली की दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी महाराष्ट्रातले पाहुणे ठरलेले. त्यांत प्रवासावर लिहिणारा एखादा निघतोच. चहा संपायच्या आत विचारतो, “लेख करायचाय, काय काय पाहू?” मी उलट विचारते, वाचणार कोण? बहुतेक लेख इथेच फसतात. किल्ला, जयविलास राजवाडा, तानसेन सगळं एका पोत्यात कोंबलं की ते कुणाच्याच कामाचं राहत नाही.

तेव्हा आपण सुरुवात वाचकापासून करा. टूर कंपनीबरोबर झाशी, ओरछा, खजुराहो करत येणाऱ्या ज्येष्ठांचा इथे जेमतेम एक मुक्काम असतो. त्यांना हवं असतं ते एवढंच, की चालणं किती आणि गाडी कुठवर जाते. गाडी उरवाई दरवाज्याच्या बाजूने वर चढते. कातळातल्या भल्यामोठ्या जैन मूर्ती त्याच रस्त्याला दिसतात. गुजरी महालाकडचा चढ मात्र पायीच.

पण चतुर्भुज मंदिर आहे त्या पायवाटेवर. एका खडकातून कोरलेलं, घाईत सहज सुटेल एवढं लहान. आतल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात बाग २७० हात लांब आणि देवाला रोज ५० माळा असा हिशोब आहे. त्यातली शून्यं आजच्यासारखीच गोल, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा बारकी. इथे आणखी एक चूक नेहमी होते. “जगातलं सर्वांत जुनं शून्य” असं लिहू नका, कंबोडियातला इ. स. ६८३ चा लेख याहून जुना आहे. आणि हे सगळं चालणाऱ्यांसाठीच्या लेखात ठेवा. बसमधल्यांना ते दिसणारच नाही, वाचून नुसती हळहळ.

अलीकडे वाढलाय तो गाणं ऐकायला येणारा. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं, आणि २०२४ च्या डिसेंबरात तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष झालं. या वाचकाला जयविलासचं झुंबर किती टनांचं याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याला हजिरा भागातली तानसेनची साधी, बुटकी कबर दाखवा, शेजारी गौस महंमदांची दगडी जाळ्यांची भव्य वास्तू दाखवा. शिष्याची जागा एवढीशी आणि गुरूची केवढी, हे डोळ्यांनी पाहिलं की त्याला लेखातून काहीतरी मिळालं. ग्वाल्हेर घराण्याचं गाणं इथून महाराष्ट्रात कसं गेलं, हा तर वेगळाच लेख होईल.

वाचक ठरला की संपादकाला ‘पिच’ पाठवा, म्हणजे लेखाचा चार-पाच ओळींचा प्रस्ताव. गडबड होते ती वेळेची. दिवाळी अंकाचा मजकूर पावसाळ्यातच मागतात आणि समारोह असतो डिसेंबरात. म्हणजे यंदा पाहून ठेवायचं, पुढच्या दिवाळीला छापून यायचं आणि वाचकाने त्यानंतरच्या डिसेंबरात निघायचं. हा हिशोब न केल्यामुळे चांगले लेख परत आलेले मी पाहिलेत.

‘फॅम ट्रिप’चं आमंत्रणही येईल. हॉटेल किंवा पर्यटन खातं स्वतःच्या खर्चाने लिहिणाऱ्यांना फिरवून आणतं, ती ही सहल. जायला हरकत नाही, पण लेखात तसं सांगा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून, आणि ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी ते लपवलेलं नाही. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये; आजही आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो, त्याला हा मोकळेपणाही कारण आहे.

पाठवण्याआधी तिकिटाचे दर, सुट्टीचा वार, उघडण्याच्या वेळा फोन करून पुन्हा विचारा. हे बदलत राहतं. मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा किल्ला सकाळीच उरकावा लागतो, हेही लिहा. डिसेंबरअखेरीस धुकं उतरतं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन् तास रखडतात. परतीच्या दिवशी पुढचं काही ठरवू नका, हे वाक्य लेखात हवंच.

आणि आपण झेलम एक्स्प्रेसने येत असाल तर झाशी सुटली की फोन करा, स्टेशनवर कुणीतरी येईल घ्यायला.