थायमस ग्रंथी, जनुके आणि प्रतिपिंडे : लस कोणाला आणि कशी लागू पडते?

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, खाटा व शस्त्रक्रिया यांचे आकडे असतातच. त्यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, या हेतूने हे टिपण सादर करीत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. तथापि रुग्णालयाच्या कामात दोन प्रश्न नेहमी कानी येतात. एकच लस दोघांना दिली असता ती एकाला लागू पडते, दुसऱ्याला का पडत नाही? आणि सर्व काळजी घेऊनही एखादे बाळ जन्मापासून सारखे आजारी का राहते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना आपण छातीतील एका लहानशा ग्रंथीपाशी येऊन पोहोचतो.

ग्रंथीची ओळख

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या बाजूस थायमस ही ग्रंथी असते. मराठीत तिला 'यौवनलोपी ग्रंथी' असे समर्पक नाव आहे. कारण बालपणी ती मोठी असते आणि तारुण्यानंतर हळूहळू आक्रसत जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिला विशेष कार्य नाही, असाच समज होता. १९६१ साली लंडन येथे जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून पाहिली. त्या उंदरांच्या रक्तातील लसीकापेशी घटल्या, ते संसर्गाला सहज बळी पडू लागले आणि परक्या उंदराची त्वचाही त्यांच्या शरीराने नाकारली नाही. निरुपयोगी मानलेली ग्रंथी प्रतिकारशक्तीची पाठशाळा असल्याचे त्यावरून दिसून आले.

दोन स्वाक्षऱ्यांचा व्यवहार

रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे ही प्रथिने 'बी' पेशी तयार करतात. 'टी' पेशी अस्थिमज्जेत जन्म घेतात, परंतु त्यांचे शिक्षण थायमसमध्ये होते. तेथील परीक्षा कडक असते. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आणि कामास न येणाऱ्या पेशी तेथेच नष्ट केल्या जातात; शंभरातील जेमतेम दोन-चार पेशी उत्तीर्ण होऊन रक्तात येतात.

आपल्या न्यासाच्या धनादेशावर दोन स्वाक्षऱ्या लागतात, हे विश्वस्तांना ठाऊकच आहे. प्रतिपिंडांचा व्यवहारही बहुतांशी असाच आहे. बी पेशी धनादेश लिहिते, साहाय्यक टी पेशी त्यावर दुसरी स्वाक्षरी करते. दुसऱ्या स्वाक्षरीवाचून निघणारी प्रतिपिंडे तात्पुरती व दुबळी असतात. दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे आणि रोगाची 'स्मृती' यांसाठी टी पेशीची संमती आवश्यक असते.

जनुकांचा अधिकार

टी पेशी जंतूला थेट ओळखत नाही. जंतूच्या प्रथिनाचा लहान तुकडा दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावरील एका खोबणीत धरून तिच्यापुढे सादर करावा लागतो. या खोबण्यांची घडण ठरविणाऱ्या जनुकांना मानवात 'एचएलए' म्हणतात. आई-वडिलांकडून मिळणारा हा संच जवळजवळ प्रत्येकात वेगळा असतो. एखादा तुकडा एकाच्या खोबणीत नेमका बसतो, दुसऱ्याच्या बसत नाही. जेथे तो बसत नाही, तेथे कागद टी पेशीच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही.

१९६५ साली मॅक्डेव्हिट व सेला यांनी उंदरांच्या दोन वाणांना एकच कृत्रिम प्रथिनसदृश पदार्थ टोचला. एका वाणात भरपूर प्रतिपिंडे निर्माण झाली, दुसऱ्यात अत्यल्प. आणि हा फरक पुढच्या पिढीतही उतरला. पुढे प्रतिसाद देणाऱ्या वाणाची थायमस काढली असता तोही प्रतिसाद न देणाऱ्या वाणासारखाच वागू लागला. यावरून जनुकांचा हा अधिकार थायमसमध्ये तयार झालेल्या टी पेशींच्या द्वारेच चालतो, हे ध्यानात आले. या क्षेत्रातील पायाभूत संशोधनासाठी बेनासेराफ, दोसे व स्नेल यांना १९८० साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हेपॅटायटिस-बी प्रतिबंधक लस हे याचे आपल्या रोजच्या कामातील उदाहरण होय. तीन मात्रा पूर्ण करूनही सुमारे ५ ते १० टक्के प्रौढांत पुरेशी प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत. वय, स्थूलता व धूम्रपान ही त्याची काही कारणे आहेत. एचएलए जनुकांचे विशिष्ट प्रकार हे आणखी एक. यात त्या व्यक्तीचा दोष नाही, लसही खराब नसते. म्हणून परिचारिका, प्रयोगशाळा कर्मचारी व सफाई कामगार यांनी तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घेणे हिताचे आहे. प्रमाण १० एककांपेक्षा कमी असल्यास पुन्हा तीन मात्रा देतात. तरीही प्रतिसाद न आल्यास, सुई टोचण्याच्या प्रसंगी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन तातडीने घ्यावे लागते.

नवी मुंबईतील उदाहरण

विषमज्वराच्या जंतूवर शर्करेचे कवच असते. शर्करा वरील खोबणीत बसत नाही. त्यामुळे केवळ शर्करेपासून बनविलेल्या जुन्या लसीला टी पेशीची स्वाक्षरी मिळत नसे आणि दोन वर्षांखालील बालकांना तिचा उपयोग होत नसे. शास्त्रज्ञांनी ही शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडली. बी पेशी शर्करा ओळखून संपूर्ण जोडी गिळते, प्रथिनाचा तुकडा खोबणीत मांडते आणि टी पेशी स्वाक्षरी करते. अशी संयुग्मित लस हैदराबाद येथे तयार झाली. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती मोहिमेद्वारे दिली. सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत या लसीची मोहीम जगात प्रथम आपल्या राज्यात झाली, ही अभिमानाची बाब आहे.

पाठशाळाच बंद असेल तर

क्वचित एखादे बाळ जनुकीय दोषामुळे टी पेशींवाचूनच जन्मते. या विकाराला 'स्किड' असे संक्षिप्त नाव आहे. अशा बाळाला वारंवार न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंडात बुरशी होते आणि त्याचे वजन वाढत नाही. जिवंत जंतूंपासून केलेली बीसीजीसारखी लसही त्याला अपाय करू शकते. उपचार न झाल्यास असे बाळ सहसा पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावते.

पहिला संशय घेण्यास महागडे यंत्र लागत नाही. साध्या रक्ततपासणीत एकूण पांढऱ्या पेशी व लसीकापेशींची टक्केवारी दिलेली असते. त्यांचा गुणाकार तेवढा करावयाचा. एकूण पेशी ९,००० व लसीकापेशी १० टक्के असतील, तर संख्या ९०० होते. तान्ह्या बाळात ती ३,००० पेक्षा कमी असल्यास पुढील तपासणी करावी. छातीच्या क्ष-किरण चित्रात थायमसची सावली न दिसणे हीदेखील सूचना असते. निदान वेळेवर झाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बाळ वाचू शकते; साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक असल्याचे अमेरिकेतील अनुभव सांगतो.

मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या विकारांचे निदान होते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किडचा समावेश आहे. निवडलेल्या केंद्रांत, ज्यांत केईएम रुग्णालयही आहे, रुग्णास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ पासून करण्यात आली.

कुटुंबीयांना व देणगीदारांना विनंती

आपल्या भागात मामाच्या मुलीशी, काही समाजांत सख्ख्या भाचीशीही विवाहाची रीत आहे. अशा नात्यात आई-वडील दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. पूर्वीचे बाळ तान्हेपणी संसर्गाने दगावले असल्यास ती माहिती प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना द्यावी, म्हणजे बीसीजीपूर्वी तपासणी करता येईल. मात्र इतर कोणीही या भीतीने लसीकरण लांबवू नये. तसेच लागोपाठ लेकरे गेलेल्या सुनेला बोल लावण्याची प्रथा सोडून द्यावी. पुष्कळदा दोष दोन्ही घरांकडून आलेला असतो आणि तो कोणाचाही अपराध नसतो.

कंधारहून मुंबईला बाळ नेताना प्रवास, निवास व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावर पडतो. शासकीय साहाय्य उपचाराचे असते. या खर्चाचे नसते. देणगीदारांचा हातभार तेथे सर्वाधिक मोलाचा ठरतो. एखाद्या बाळाचे निदान वेळेवर होऊन ते आईच्या कडेवर गावी परतले, तर त्या देणगीचे चीज झाले, असेच म्हणावे लागेल.